कळलावीची आकडी

"वैजू, ही रेघ बघ! अगं, हातातलं टाक आणि इकडं ये आधी!"

दातीर सर दुकानभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. दुकान म्हणजे तरी केवढं? नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या बसस्टँडमागचा एक गाळा. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. मी एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या सगळ्या मामांची नावं कशी बसवायची या विवंचनेत होते. मामा काही संपत नव्हते. ते तसेच सोडून उठले.

सरांच्या समोरच्या स्क्रीनवर शेवळाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या रानभाजीचा, कोंब होता. खालपासून वरपर्यंत एका दमात ओढलेली रेघ, कुठंही न अडखळलेली.

"आता सांग. कोण म्हणेल ही कंपवाताच्या म्हाताऱ्याची रेघ आहे?"

"कुणी नाही म्हणणार. पण सर, जरा हळू. बाहेर गिऱ्हाईक उभंय."

"उभं राहू दे की! त्यालाही बोलाव. बघू दे त्यालापण."

आणि खरंच त्यांनी त्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं. तो बिचारा मुलाच्या बारशाचा फ्लेक्स करायला आलेला. त्यानं मान डोलावली, "झ्याक" म्हणाला आणि गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला. सर मात्र खुर्चीत असे बसले होते, की जणू त्यांनाच मुलगा झालाय.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पण त्यांचा खरा जीव झाडांत. रविवारी भंडारदऱ्याकडच्या रानात जायचे आणि पिशवीभर पानं घेऊन यायचे. आठवीत मी जास्वंदीचं पान काढलं आणि कडेचे दात काढायचा कंटाळा केला. सरांनी काही न बोलता अख्खं पान खोडरबरानं पुसून टाकलं. मी रडकुंडीला आले. तर म्हणाले, "झाडानं एवढे कष्ट घेऊन दात काढलेत. तुला नुसते बघून काढायला काय होतं गं?" तेव्हा मला त्यांचा असा राग आला होता! पुढं मी याच धंद्यात आले, ते त्या पुसलेल्या पानामुळंच आले असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. त्यांनी चित्रं काढणं सोडलं. मग बाहेर पडणं सोडलं. एक दिवस काकू, म्हणजे सरांची बायको, दुकानात आल्या आणि नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या.

"काय झालं काकू?"

"त्यांनी चहा सोडला."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"कुठले डॉक्टर! हातात बशी वाजते म्हणून सोडला. ती वाजली, की स्वैपाकघरात मला ऐकू जातं ना." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. "भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात गं दिवसभर. माणूस चाललाय माझा, आणि मला अडवता येईना."

त्याच सुमारास माझ्या जुन्या संगणकानं मान टाकली. नवा घेतला, तर त्यावर माझं जुनं चित्रांचं सॉफ्टवेअर चालेना. चालणार कसं? आमच्या तालुक्यात ते विकत घेतलेलं कुणी बघितलं नव्हतं. एकाच्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, असं ते गावभर जेवत फिरत होतं. मला त्या चोरीच्या मालाचा मनापासून वीट आला होता. म्हटलं, आता जे घ्यायचं ते आपल्या नावानं, उजळ माथ्यानं. एक बघितलं, त्याचं दरमहा भाडं भरायचं. माझी ताकद नव्हती. एक इंटरनेटवरच चालायचं, आणि आमचं इंटरनेट वारा सुटला की जायचं. एक चांगलं होतं, पण त्यात आपली जोडाक्षरं हातपाय मोडून पडायची. शेवटी जे घेतलं ते सगळ्यांत संथ होतं.

संगमनेरच्या छापखान्याचे मालक तर फोनवर खदखदून हसले. "ताई, सगळी दुनिया एका गाडीत बसलीय आणि तुम्ही कशाला वेगळी बैलगाडी जुंपता?"

"तुम्हाला छापायला पीडीएफ मिळाली म्हणजे झालं ना? अक्षरं कर्व्ह करून देईन."

कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणं. मग छापखान्याकडं तो फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. आमच्या धंद्यात पोटच्या पोराला विचारणार नाही इतक्यांदा लोक एकमेकांना विचारतात, "कर्व्ह मारला का?"

ते संथ सॉफ्टवेअर का घेतलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. लोक समजले, फुकट मिळालं म्हणून. फुकट होतंच. पण त्यात एक पट्टी होती, स्मूदिंगची. ती सरकवून वर नेली, की टॅब्लेटवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या पाटीवर, पेननं कशीही वेडीवाकडी रेघ ओढा, ती आपली आपण सावरून गुळगुळीत व्हायची. ती पट्टी बघितली आणि मला सरांचा हात आठवला. त्याच दिवशी संगणक आणि टॅब्लेट रिक्षात घालून मी त्यांच्या घरी गेले.

पहिली रेघ उमटली तेव्हा सर स्क्रीनपाशी वाकले. मग म्हणाले, "अजून एक ओढू?"

दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा सदरा घालून सर दुकानात हजर. काकू दुपारी डबा घेऊन यायच्या, कधी शेंगोळे, कधी पिठलं, आणि माझ्यासाठी वेगळा वाडगा. एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चहा मागतात गं आता. बशी वाजली तरी मागतात."

आणि मग तळपे सरांचं काम आलं. ते वरच्या अंगाला, राजूरच्या पलीकडं एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांना रानभाज्यांचा मोठा तक्ता हवा होता. "मॅडम, आमच्या पोरांच्या आज्यांना काही शिकवायला नको," ते म्हणाले. "पण पोरं वर्षभर वसतिगृहात. आजीच्या मागं रानात जायचं कधी? आणि पावसाळ्यात सुट्टीला घरी गेली, की भाजी खुडायला तीच धावतात. गेल्या साली एक पोरगी भलतंच काही खाऊन आली. वाचली नशिबानं. मास्तरही बाहेरगावचे, त्यांना टाकळा आणि तण सारखंच."

तक्ता असा ठरला, की खायची भाजी आणि तिच्यासारखी दिसणारी न खायची वनस्पती शेजारी शेजारी. खायचीखाली हिरवा गोल, दुसरीखाली लाल. सगळी चित्रं दातीर सरांची. फुलं काढायची नाहीत, असा सरांचा हट्ट. "भाजी कोवळी असताना खुडतात. फूल आल्यावर काय, गाढवालाही कळतं. कोवळेपणी कळलं पाहिजे."

सर सपाटून कामाला लागले. ते काढत होते, मी रंग भरत होते. छपाईचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी फाईल संगमनेरला जायची होती.

आदल्या दिवशी सर अजून यायचे होते. मी नावं कर्व्ह केली. नवा असूनही संगणक एवढ्या मोठ्या तक्त्याखाली दमायचा, म्हणून नावांचा लेअर, म्हणजे चित्रांवरचा वेगळा थर, झाकून ठेवला आणि एकेका चित्राखाली गोल टाकत सुटले. हिरवा, लाल. हिरवा, लाल. सगळे टाकून झाले, तसा नावांचा लेअर पुन्हा उघडला.

हिरव्या गोलाच्या वर नाव होतं कळलावी.

मी आधी म्हटलं, नावंच इकडची तिकडं झाली असतील. नव्हती झाली. मीच केनीच्या जागी कळलावीला हिरवा गोल दिला होता. केनी आमच्याकडं बांधाबांधावर उगवते, तिची भाजी करतात. कळलावी विषारी, कंदापासून पानापर्यंत. आणि मी काही बाहेरगावची नाही. कळलावी मला झोपेतसुद्धा ओळखता यावी, कारण तिच्या वेलाच्या पानाचं टोक लांब होत जातं आणि शेवटी आकडीसारखं वळतं. त्या आकडीनं ती शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. सरांनीच शिकवलं होतं, "पानाला आकडी दिसली की हात मागं."

मी चित्र मोठं करून बघितलं. पान होतं. टोक होतं. आकडी नव्हती. टोक छान गोलसर संपलं होतं, केनीसारखं.

पेन हातात घेतलं, पट्टी सर ठेवायचे तेवढीच वर नेली आणि कोपऱ्यात स्वतः एक आकडी काढून बघितली. पेन उचललं, तशी आकडी विरून गेली. पट्टी शून्यावर आणली, पुन्हा काढली. आता जशी काढली तशी राहिली. म्हणजे ती पट्टी हाताचा कंप पुसत होती, आणि कंप कुठला आणि आकडी कुठली हे तिला बिचारीला काय कळणार! बारीक, वळलेलं, दातेरी जे जे दिसेल ते ती सपाट करत होती. मग मी बाकीची चित्रं उघडली. भारंगीच्या पानाचे दात गेले होते. दोन-तीन पानांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ते सगळं चालून गेलं असतं कदाचित. कळलावी चालणारी नव्हती.

आकडी काढायला मला वेळ लागला नाही. पट्टी शून्यावर होतीच. पानाच्या टोकापासून रेघ काढली, वळवली, संपवली. झालं. गोल बदलले. मग खुर्चीला टेकून बसले, आणि आता सरांना काय सांगायचं हे मला सुचेना.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. माझं तोंड बघूनच त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. लपवायला मला जमत नाही, तोंडावर दिसतं. काकूंनी डबा टेबलावर ठेवला आणि दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"तू काढलीस ना आकडी? मग मिटलं. त्यांना सांगायचं नाही."

"काकू, पण..."

"पण नाही न् बिण नाही. सांगितलंस, तर ते ती पट्टी बंद करतील. मी ओळखते त्यांना. आणि पट्टी बंद झाली, की पुन्हा भिंतीकडं तोंड." काकूंनी माझं मनगट धरलं. "वैजू, तू सून नाहीस, लेक नाहीस, तुझ्यावर माझा काही हक्क नाही. तरी मागते. तोंडाला कुलूप घाल."

"आणि पुढच्या तक्त्याला? मी दर वेळी मागून गुपचूप त्यांची चित्रं दुरुस्त करत बसू?"

"बस! काय बिघडलं? माझा माणूस जेवतोय, हसतोय. तुला ते एक वळण मोठं वाटतं का?"

मला राग आला. काकूंचा नाही, त्या पट्टीचा, माझा, सगळ्याचाच. आणि काकूंचा हात माझ्या मनगटावर इतका गार लागत होता, की मी म्हटलं, "बरं. नाही सांगत."

सर आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, तोंडात शीळ. काकू जेवण वाढायच्या गडबडीत लागल्या. "आधी जेवून घ्या" म्हणाल्या. "आधी एकदा तक्ता बघतो, उद्या जायचाय ना," असं म्हणत सर माझ्या खुर्चीत बसले. मी प्रिंटरशी खोटं काहीतरी करत उभी राहिले. सर एकेक चित्र मोठं करून बघत होते. शीळ चालू होती. मग ती थांबली.

"वैजू."

"हं?"

"आकडी कुणी काढली?"

काकूंच्या हातातली पळी वाटीवर वाजली.

"तुम्हीच काढली असेल," काकू म्हणाल्या. "विसरलात."

"तू गप्प बस गं." सर माझ्याकडं वळले. "मी काढलेली आकडी या चित्रात नव्हती. मला माहीत आहे, नव्हती."

मला पहिल्यांदा त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. मग लागला.

"तुम्हाला दिसलं होतं, सर?"

सर कीबोर्डकडं बघत राहिले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

"किती वेळा काढली मी, तुला काय सांगू. काढायचो, पेन उचललं की जायची. मग पट्टी खाली करून काढली. आली. पण तिच्याबरोबर ते भूतही आलं." भूत म्हणजे त्यांच्या हाताचा कंप, हे सांगावं लागलं नाही. "मग पट्टी वर केली. भूत गेलं, आकडी गेली. म्हटलं, उद्या वैजूला सांगू. उद्याला म्हटलं परवा सांगू. काल म्हटलं, जाताना सांगू. इतकी छान रेघ येत होती गं माझी... इतक्या वर्षांत अशी आली नव्हती."

"आज सांगणार होता ना?" मी विचारलं. त्यांनी हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

सरांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. काकू त्यांच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की नवऱ्याचं हे रूप त्यांनाही नवीन होतं.

"झाडानं कष्ट घेतले होते," सर म्हणाले. "मी पुसले."

बाहेर कुणीतरी फ्लेक्स झाला का म्हणून विचारत होतं. मी "संध्याकाळी या" म्हणून त्याला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझी आकडी खोड," सर म्हणाले.

"अहो, चांगली आलीय ती."

"चांगली आलीय. पण तू काढलीस. चूक मी केली, तर ती मीच भरणार. पट्टी शून्यावर आहे का? राहू दे तशीच."

"कशाला हट्ट करता?" काकू एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. "काढलीय ना पोरीनं! उद्या सकाळी जाऊ दे तो कागद एकदाचा. कोण विचारतंय कुणी काढली ते?"

सरांनी ऐकलं नाही. पेन घेतलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि रेघ ओढली. ती मी इथं सांगत नाही कशी आली ते. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. काकूंनी तोंड फिरवलं. शेवटी सरांनी पेन ठेवलं, आणि मला वाटलं, संपलं, आता घरी जातील आणि पुन्हा येणार नाहीत.

पण ते म्हणाले, "तुझं ते शिवणकाम दे इकडं."

शिवणकाम हा त्यांचा शब्द. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ काढायची आणखी एक रीत असते. ठिपका टाकायचा, पुढं दुसरा टाकायचा, रेघ आपली आपण त्यांच्यामधून जाते. मग एकेक ठिपका सरकवून वळण नीट करायचं. मी तसंच काम करते. सर त्याची टर उडवायचे. "टाके घालणं म्हणजे चित्र नव्हे. हात वाहिला पाहिजे." आता तेच मागत होते, आणि मागताना माझ्याकडं बघत नव्हते.

मी ती रीत निवडून दिली. माऊस त्यांच्या हातात थरथरला आणि ठिपके भलतीकडंच पडले. "पडू देत," मी म्हटलं. "आता बाणांच्या बटणांनी एकेक जागेवर आणायचा. एकदा दाबलं, की केसभर सरकतो."

त्यांनी बोट बटणावर ठेवलं. बोट थरथरलं आणि बटण सतराशे साठ वेळा दाबलं गेलं. ठिपका पानाबाहेर गेला. सर तो मागं आणायला गेले, तर तो दुसऱ्या बाजूनं पळाला. मी ओठ दाबून उभी होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"सरका!" काकू म्हणाल्या.

"काय?"

"सरका म्हणते ना तिकडं." त्यांनी स्टूल ओढलं, सरांना कोपरानं बाजूला केलं आणि पदर खोचला. अजून चिडलेल्याच होत्या. "मी दाबते. तुम्ही तोंडानं सांगा. तोंड तर थरथरत नाही ना तुमचं?"

"तुला जमायचं नाही ते."

"तुमच्या हाताला तरी कुठं जमतंय?"

मला वाटलं, काकू फार बोलून गेल्या. सर त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत.

"बरं. तो खालचा ठिपका. वर घे."

टक.

"अजून वर. अजून. आता डावीकडं. अगं, डावीकडं! घासाचा हात उजवा असतो, डावा नव्हे!"

"माहितीय मला. ओरडू नका."

"आता पुढचा. तो बाहेर फेक जरा. आकडी लगेच वळत नाही, आधी लांब होते, धरायला काही आहे का ते चाचपते. तसं. आता पुढचा आत घे. आत. आत. बास... बास म्हटलं ना! एक जास्त झाला."

"मागं घेऊ?"

आकडीच्या ऐन वळणावर एक बारीकसं टोक आलं होतं, केसाएवढं. सरांनी चष्मा वर करून ते बघितलं. मग काकूंच्या बोटाकडं बघितलं. ते अजून बटणावरच होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

"चुकलंय ना पण?"

"राहू दे म्हटलं."

एका आकडीला दुपार गेली. डबा तसाच गार झाला. तळपे सरांना मी फोन लावला की तक्ता उद्या छापायला जाणार नाही. ते कुरकुरायला लागले, तसा सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तळपे, चित्रं चुकली होती," ते म्हणाले. "मी चुकवली होती. विषाच्या झाडाची खूण गेली होती. नीट करून देतो, तोवर थांबा." फोन ठेवताना सरांचे कान लाल झालेले मी बघितले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पुसलेल्या माणसाला ते एक वाक्य किती जड गेलं, हे मला तेव्हा दिसलं.

उरलेल्या पानांचे दात आणि कडा मी काढल्या. सर शेजारी बसून सांगायचे. खरं सांगायचं, तर त्यानंतर दुकानात सरांची ती 'ही रेघ बघ' आरोळी कधी ऐकू आली नाही. सर यायचे, पण सदरा चुरगळलेला असायचा, आणि उजवा हात मांडीखाली. काकू डबा आणायच्या; माझा वाडगा किती तरी दिवस आला नाही. मग एक दिवस न बोलता पुन्हा यायला लागला.

तक्त्यावर चित्रकाराचं नाव टाकायचं, तर सर म्हणाले, "लिही, चित्रे वैजयंता आवारी. आणि खाली बारीक लिही, कळलावीची आकडी, दातीर."

"असं कुठं लिहितात का सर?"

"आपण लिहू. आणि हिचंही नाव टाक. बटणं हिनं दाबली."

"माझं नाव त्या विषारी झाडाखाली नको," काकू म्हणाल्या. "लोक काय म्हणतील!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. सर गेले. ते गेल्यावर काही दिवसांनी काकू दुकानात आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ते उघड." काय ते मी विचारलं नाही. कळलावीचं पान मोठं केलं, आकडीपर्यंत नेलं. काकूंनी बोट पुढं केलं आणि वळणावरच्या त्या टोकाला काचेवरून लावलं.

"हा माझा. हा एक जास्तीचा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "घेऊ का मागं विचारलं होतं मी. राहू दे म्हणाले."

मग तिथंच त्या रडल्या, मोकळेपणानं, दार उघडं असताना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आता पोरंसोरं मला विचारतात, "ताई, चित्रांचं कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी मधल्या काळात दोन बदलले, अजून एखादं बदलेन. नवी येतात, जुनी बंद पडतात. कुणी किंमत विचारतं, कुणी त्यात काय काय येतं ते विचारतं. मी नवं काही आणलं, की आधी त्यात ती एक फाईल उघडते आणि कळलावीच्या पानापाशी जाते. आकडीच्या वळणावर ते केसाएवढं टोक नीट दिसलं, तर ते ठेवते. नाही दिसलं, तर काढून टाकते.